आंदणात दिलेली मैत्रीण

मराठी ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांत मालकीण आणि तिची बटीक, म्हणजे मालकीची दासी, यांच्या मैत्रीची जी चित्रं वर्षानुवर्षं रंगवली जातात, त्यातली बहुतेक खोटी आहेत, असं माझं मत आहे. अशी मैत्री होऊच शकत नव्हती, असं मी म्हणत नाही. दोन बायका एका छपराखाली वाढल्या, एकमेकींची बाळंतपणं केली, ताप उतरेपर्यंत उशाशी बसल्या, की जीव लागतोच. पण जिच्यावर जीव लागला तिला विकता येत होतं, तिची पोरं धन्याच्या मालकीची होत होती, लेकीच्या लग्नात भांड्याकुंड्यांबरोबर तिला देता येत होतं. लेखक नेमकं हेच कथेच्या उंबऱ्याबाहेर ठेवतो आणि आत फक्त जिव्हाळा घेतो. प्रेमकथांचीही तीच गत. सरदार दासीच्या डोळ्यांवर भाळतो, दासी लाजते, पुढचं प्रकरण चांदण्यात घडतं. तिला नाही म्हणता आलं असतं का, हा प्रश्न लेखकाला पडत नाही आणि वाचकालाही पडू दिला जात नाही.

बेळगावात बसून हे लिहायला कारण आहे. सीमाभागाइतके इतिहासावर जीव टाकणारे वाचक फार थोड्या ठिकाणी असतील. कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, बेळगुंदी या गावांत लोकवर्गणीतून साहित्य संमेलनं भरतात, सकाळी ग्रंथदिंडी निघते आणि ऐतिहासिक विषयावरचं व्याख्यान असलं की मांडवात बसायला जागा उरत नाही. १९४६ साली याच शहरात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि तेव्हापासून आमच्याकडे इतिहास हा हक्काचा पुरावा म्हणून वाचला जातो. त्यात चूक काही नाही. ज्यांच्या दुकानावरच्या पाटीपासून शाळेच्या वर्गापर्यंत भाषेसाठी भांडण चालतं, त्यांना भूतकाळ आधाराला लागतो. पण पुराव्याच्या कागदावर डाग चालत नाही. म्हणून आमच्याकडे लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक गोष्टींतला वाडा नेहमी स्वच्छ सारवलेला असतो, आणि तो रोज सारवणारी बाई कुणाच्या मालकीची होती, हे कुणी विचारत नाही.

मागे एका कथास्पर्धेच्या कथा माझ्याकडे वाचायला आल्या होत्या. त्यातली एक अजून मनातून जात नाही. लिहिणारा तरुण होता आणि हात चांगला होता. घाटमाथ्यावरच्या एका देसायाचा वाडा, देसायाची धाकटी मुलगी, आणि तिच्याच वयाची बटकीची पोर. दोघी हादग्याची गाणी एकत्र म्हणतात, नागपंचमीला एकाच झोपाळ्यावर उभ्या राहतात, चिंचा चोरतात. वाड्याच्या पागेत खरारा करणारा एक पोरगा आहे. बटकीच्या पोरीला तो आवडतो आणि विहिरीवर दोघं दोन शब्द बोलतात. मग देसायाच्या मुलीचं लग्न सावंतवाडीकडच्या घराण्यात ठरतं. रामघाटातून वरात उतरते. मुलगी मेण्यात बसलेली. लेखक लिहितो, ‘आणि तिची सखी हसतमुखाने मेण्यामागून चालू लागली.’

एवढंच वाक्य, आणि पुढं कथा सासरी जाते. पागेतला पोरगा त्या वाक्यानंतर कथेत पुन्हा येत नाही. लेखक त्याला विसरला. ती विसरली असेल का, हे लेखकाने तिला विचारलं नाही. एक मेण्यात आणि दुसरी अनवाणी घाट उतरते आहे, हे त्यानेच लिहिलंय. डोळ्यांसमोर त्याला ते दिसलंही असणार, पण हसतमुख हा एक शब्द घालून त्याने त्या चित्राची धार काढून घेतली. भेटल्यावर मी त्याला हे बोललो, तेव्हा तो मनापासून म्हणाला, ‘सर, ती तिच्यावर बहिणीगत माया करायची की! मग जाणारच की ती.’ मी म्हटलं, गेली हे कबूल. न जायची सोय होती का तिला?

माझ्या मते त्या कथेचा गाभा त्याच उतरणीवर होता. मेण्यातल्या मुलीलाही कुणी काही विचारलेलं नाही. तिचं वय नऊ-दहा वर्षांचं, तिचं दान झालेलं आहे. पडद्याच्या फटीतून तिला मागून चालणाऱ्या मैत्रिणीचे पाय दिसतात. तिला पागेतल्या पोराचं ठाऊक आहे, कारण दोघींत लपवाछपवी नव्हती. ती बापाला म्हणू शकली असती, हिला राहू दे. म्हणाली नाही. का म्हणाली नाही? एकटीने परक्या घरी जायची भीती वाटली म्हणून. म्हणजे तिने आपल्या भीतीपोटी मैत्रिणीचा माणूस तोडला, आणि हे दोघींनाही कळलेलं आहे. पुढची तीस वर्षं दोघी एका माजघरात राहणार आहेत. त्या तीस वर्षांत जी माया झाली असेल, ती हे गिळून झाली असेल. अशी गोष्ट कुणी लिहिली, तर ती वाचताना माझ्यासारखा वाचक जेवण विसरेल. हसतमुखाने मागे चाललेल्या सखीची गोष्ट दुसऱ्या दिवशी लक्षातही राहत नाही.

यावर एक उत्तर ठरलेलं असतं: दोघीही बंदिवानच होत्या, एक सोन्याच्या पिंजऱ्यात, दुसरी लोखंडाच्या. ऐकायला हे बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. देसायाच्या मुलीच्या नशिबी बालवैधव्य येऊ शकत होतं, केशवपन येऊ शकत होतं, सवत येऊ शकत होती. ते दुःख कमी लेखायचं कारण नाही. तरी उद्या तीच घरची धनीण होणार होती आणि कोठीच्या किल्ल्या तिच्या कमरेला येणार होत्या. बटकीला मारायला सांगणं किंवा न सांगणं तिच्या हातात येणार होतं. तिच्या मुलाला वतन मिळणार होतं. तिच्या नवऱ्याला बटकीपासून मुलगा झालाच, तर तो लेकावळा म्हणून घरात वाढणार, ओसरीच्या कडेला जेवणार आणि आपल्याच भावाची हुजरेगिरी करणार. दोघींच्या दुःखाची बेरीज करून भागाकार काढला, की बटकीचं दुःख नेहमी हिशोबातून नाहीसं होतं.

कुणी म्हणेल, आमच्याकडे गुलामगिरी होतीच कुठे? ती अमेरिकेत होती. कापसाच्या मळ्यांतली, साखळदंडांतली गुलामगिरी इथं नव्हती, हे खरं. इथली गुलामगिरी बव्हंशी घरातली होती आणि त्यात बायका जास्त होत्या. अठराव्या शतकातल्या पेशवाईच्या कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या, बक्षीस दिल्याच्या, आंदणात दिल्याच्या नोंदी आहेत. त्या कोठीत धान्य निवडत, दळण-कांडण करत, गोठे-पागा झाडत, किल्ल्यांवर आणि सरकारी कारखान्यांत राबत. नातेवाइकांनी पैसे भरून किंवा बदली बाई देऊन एखादीला सोडवून नेल्याच्याही नोंदी आहेत. या कुणबिणी सगळ्या लढाईत धरून आणलेल्या नव्हत्या. बदकर्माचा आरोप ठेवलेल्या बायकांनाही सरकार कुणबीण करून कामाला लावत असे. म्हणजे एखाद्या बाईने नवऱ्याखेरीज कुणावर प्रेम केलं, किंवा केल्याचा नुसता संशय आला, तर त्या प्रेमाची शिक्षा गुलामी होती. पेशवाईतल्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांनी हे एकदा नीट मनात घोळवावं. चांदण्यातलं एखादं प्रकरण सरकारी कोठीच्या जात्यापाशी संपणं हा त्या काळचा रोजचा व्यवहार होता, आणि तो कादंबरीत जवळजवळ कधी येत नाही.

पानिपतावर आम्ही किती रडलो! १७६१ च्या त्या जानेवारीनंतर हजारो बायका-पोरं गुलाम म्हणून उत्तरेकडे नेली गेली. त्यांच्यावर मराठीत पानंच्या पानं लिहिली गेली आणि लिहायलाच हवी होती. वाचताना घशाशी येतं, आपल्या लेकीसुना परमुलखात विकल्या गेल्या हे सोसवत नाही. पण त्याच साली, त्याच महिन्यात, पुण्यातल्या आणि आमच्या भागातल्या वाड्यांतही विकत घेतलेल्या बायका दळत होत्या. त्याही कुणाच्या तरी लेकी होत्या. अफगाण छावणीतली बाई गुलाम आणि आपल्या माजघरातली मात्र घरचीच, अशी विभागणी इतिहासाने केलेली नाही, लेखणीने केली आहे. जो लेखक पानिपतच्या बाईसाठी तळमळतो, त्याच्याकडून मी माजघरातल्या बाईसाठीही तळमळीची अपेक्षा ठेवतो. ही अपेक्षा जास्त आहे, असं मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आजच्या मापाने काल मोजू नये. त्या काळी कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं. या आक्षेपाला उत्तर खुद्द शिवाजी महाराजांच्या कागदातच आहे. १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत जिंजी प्रांतातल्या डच व्यापाऱ्यांना महाराजांनी कौल, म्हणजे व्यापाराचा परवाना, दिला. मुसलमानी अमलात तुम्हाला बायका-पुरुष गुलाम म्हणून घ्यायची-विकायची मुभा होती, आता माझ्या राज्यात ती मिळणार नाही, असं कलम त्यात आहे. डच कंपनीचा त्या किनाऱ्यावरचा गुलामांचा व्यापार मोठा होता, म्हणजे महाराजांनी व्यापाऱ्यांच्या दुखऱ्या जागेवरच बोट ठेवलं. माणसाची विक्री वावगी आहे हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं नाही. सतराव्या शतकात ते कळणारा राजा होता, आणि अठराव्या शतकात त्याच्याच नावाने चाललेल्या राज्यात कुणबिणींच्या याद्या लिहिल्या जात होत्या. शिवजयंतीच्या चित्ररथांत आम्ही रायगड, अफझलखान, आग्रा दाखवतो, रात्रभर मिरवणूक चालते. या कौलावरचा एखादा देखावा कुणी उभा करावा, असं मला फार वाटतं.

आणि ज्यांना विकलं जात होतं, त्यांना काय वाटत होतं? ‘कुणालाच वावगं वाटत नव्हतं’ या वाक्यातल्या कुणालाच मध्ये त्यांची गणती केलेलीच नसते. त्यांना काय वाटत होतं, हे सांगायला आमच्या भागात पुरावा आहे. तो दप्तरखान्यात शोधावा लागत नाही, खानापूरच्या जंगलात चालतबोलत आहे.

गोव्यात पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकापासून आफ्रिकेतून, पुढं विशेषतः मोझांबिककडून, माणसं आणली. लिन्सखोटेन हा डच १५८० च्या दशकात गोव्यात होता आणि पिरार द लाव्हाल हा फ्रेंच १६०८ च्या सुमाराला. जुन्या गोव्याच्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी चालणाऱ्या लिलावाचं वर्णन दोघांनी केलंय. तिथं घोड्यांच्या जोडीनं माणसं विकली जात. पोरींची किंमत सांगताना शिवणकाम, मिठाई करणं, वाद्य वाजवणं ही हुन्नरं पुकारली जात. त्याच वर्णनांतून आणखी एक गोष्ट कळते: पोर्तुगीज घरातल्या बायकांचे चोरटे निरोप त्यांच्या गुलाम बायका पोहोचवत. इथं कथाकाराने थांबावं. मालकिणीचं प्रेम जिच्या पायांवर चालत जातं, तिचं काय होतं? निरोप पकडला गेला, तर मालकिणीला मठात धाडतील किंवा तिचा नवरा तिच्यावर हत्यार उगारेल. गुलाम बाईची हाडं मात्र आधी मोडतील, कारण साक्ष तिच्याकडूनच काढायची. मराठी नाटक-कादंबरीतली निरोप्या दासी थट्टेखोर, चतुर, टाळीची वाक्यं बोलणारी असते. तिला भीती वाटताना मी फारशी पाहिलेली नाही.

गोव्यातून जे पळाले ते सह्याद्री चढून वर आले. तिनई घाट, अनमोड आणि आजूबाजूच्या जंगलवाटांनी खानापूर, सुपे, हल्याळ, यल्लापूर या रानांत पसरले. आज आपण ज्यांना सिद्दी म्हणतो, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज असे आले. काही इथल्याच सरदार-जमीनदारांकडे कामाला होते, आणि नंतरही कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या जमीनदारांच्या रानात अडकून राहिले. ते आता हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती अशा तिन्ही धर्मांत आहेत. घरात कोकणीच्या जवळची बोली आणि बाजारात कानडी-मराठी, असा त्यांचा व्यवहार. उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा २००३ साली मिळाला. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना तो मिळायला २०२० ची दुरुस्ती व्हावी लागली. जंगल एक, माणसं एक, नातीगोती एक. जिल्ह्याची हद्द मध्ये आली म्हणून सतरा वर्षांचं अंतर पडलं. हद्दीने माणसाचं काय होतं, हे आम्हा सीमावासीयांना कुणी शिकवायला नको. तरी त्या सतरा वर्षांत आमच्या किती व्यासपीठांवरून याचा उच्चार झाला? त्याच २०२० साली शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर नियुक्त झाले. त्या सभागृहात बसणारे ते पहिले सिद्दी.

रात्रीच्या वेळी जंगली जनावरांचा घाट चढून, पाठीमागे कुत्री आणि शिपाई असताना, जी माणसं पळाली, त्यांना गुलामीत काही वावगं वाटत नव्हतं असं कोण म्हणेल? त्यांच्याही मागे कुणी तरी राहिलं असणार. कुणाची मालकीण खरोखर प्रेमळ असेल. आजारपणात तिने डोक्यावर हात ठेवला असेल. तरीही माणूस पळाला. प्रेमळ मालकिणीला सोडून पळणारी बाई ही मला त्या काळातली सगळ्यात मोठी नायिका वाटते, आणि मागे राहिलेल्या मालकिणीला जे वाटलं असेल, तेही एका चांगल्या कादंबरीचा ऐवज आहे. ‘मी तिला काय कमी केलं होतं?’ असं ती म्हणाली असेल. त्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच घराच्या बाहेरून लावलेल्या कडीत होतं, आणि ते तिला दिसत नव्हतं.

रंगाचा प्रश्न मात्र सोपा करून टाकू नये. आपल्या इतिहासात हबशी म्हटलं की जंजिऱ्याचा सिद्दी, म्हणजे शत्रू, आणि बहुतेक कथांत तो काळाकभिन्न, क्रूर. दुसरीकडे मलिक अंबर. गनिमी कावा आणि जमीन महसुलाची पद्धत यांसाठी आम्ही त्याला मानतो, मालोजी आणि शहाजी यांच्याशी त्याचं नातं कथांतून वाचतो. हा अंबर इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला. ज्याने त्याला विकत घेतलं तो चंगीझखान निजामशाहीचा पेशवा होता आणि स्वतःही हबशी, एके काळचा गुलाम. म्हणजे गुलाम राहिलेला माणूस वर चढल्यावर गुलाम विकत घेत होता. चंगीझखानाच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला, काही काळ विजापूरच्या नोकरीत राहिला, आणि पुढं त्याने निजामशाही तोलून धरली. मुर्तजा निजामशहाला त्याने आपली मुलगी दिली. राजाला सासरा, राज्याचा कर्ता, मोगलांना धूळ चारणारा. पण राजाच्या इराणी राणीने भांडणात अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवलं, आणि त्यातून अंबरने राजा आणि राणी दोघांनाही विष घालून मारलं, असं डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रोक याने लिहून ठेवलं आहे.

ही गोष्ट राजकारणाच्या अंगाने सांगता येईल, पण मी त्या मुलीचा विचार करतो. जन्माने ती मोकळी. नेसूचं जरतारी, बाप राज्याचा धनी. नवऱ्याचं तिच्यावर प्रेम होतं की बापाची भीती होती, हे तिला कधी कळलं असेल का? सवतीच्या तोंडून जो शब्द आला, तो महालातल्या सगळ्यांच्या मनात होता, हे तिला त्या दिवशी समजलं. आणि मग तिच्या मानासाठी बापाने तिचाच नवरा मारला. गुलामीने नातं कसं पोखरतं, हे पाहायला साखळदंड लागत नाहीत. गुलामी संपून एक पिढी गेली तरी ती शय्यागृहात हजर असते. मराठीत अंबरवर लिहिणाऱ्यांनी लढाया पुष्कळ लिहिल्या, भातवडीची १६२४ ची तर रंगवून रंगवून. ही मुलगी अजून वाट पाहते आहे.

कायदा हा कथाकाराला रुक्ष विषय वाटतो. मला तो फार कामाचा वाटतो. इंग्रजांच्या कंपनी सरकारने १८४३ साली पाचवा कायदा केला. गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही, असं त्यात ठरलं, आणि एक कलम असं घातलं, की मोकळ्या माणसाविरुद्ध जी कृती गुन्हा ठरते, ती गुलाम म्हणवल्या जाणाऱ्या माणसाविरुद्धही गुन्हाच ठरेल. असं कलम घालावं लागलं, यावरून त्याआधीची परिस्थिती ओळखावी. पुढं १८६२ पासून अमलात आलेल्या दंड संहितेत माणसाची खरेदी-विक्री हाच गुन्हा झाला. पोर्तुगीज मुलखात गुलामी संपवणारा हुकूम १८६९ सालचा. म्हणजे अशी काही वर्षं गेली, की घाटाच्या वरच्या अंगाला कोर्ट मालकी मानत नव्हतं आणि खालच्या अंगाला मानत होतं. खुद्द बेळगाव शहरात बेळगाव कंपनीचं, आणि आज कपिलेश्वर पूल ओलांडला की लागणारं शहापूर हे सांगली संस्थानाचं. शहापूरच्या पेठेतल्या एखाद्या सावकाराच्या घरची कुणबीण आणि बेळगावच्या छावणीत काम करणारा एखादा मोकळा माणूस यांची प्रेमकथा कल्पून पाहा. दोघांमध्ये चालत काही मिनिटांचं अंतर, आणि ते अंतर एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणारं. तिच्या पदरात धन्यापासून झालेलं मूल आहे. धनी वाईट नाही, मुलावर त्याची माया आहे, आणि मूल घेऊन गेलीस तर चोरीचा आळ घालीन, असंही तो म्हणतो. ती काय करेल? मला माहीत नाही. हेच मला कुणी तरी लिहून दाखवावं.

इथं सौंदत्तीचाही उल्लेख करायला हवा. यल्लम्माच्या डोंगरावर मुली सोडण्याची चाल म्हणजे कागदोपत्री गुलामी नव्हे, आणि दोन्ही एकाच मापात घालणं बरोबर नाही. पण जोगतिणीवरच्या प्रेमकथांत तीच खोड दिसते. गावच्या पाटलाचा तिच्यावर जीव असतो, तिचा पाटलावर. ती कितव्या वर्षी सोडली गेली आणि मोती बांधताना तिला काय कळत होतं, हे ओझरतं येतं. कर्नाटकचा बंदी कायदा १९८२ चा आहे. त्याआधीची आणि नंतरचीही कितीतरी वर्षं निपाणी-चिकोडीकडच्या बायांनी स्वतः बोलून दाखवली आहेत. त्या बोलण्यात पाटलाचं प्रेम जितकं येतं, त्याच्या कैक पटीने रेशनकार्डावरचं बापाचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरची रिकामी जागा येते.

माझं म्हणणं कुणी असं समजू नये, की धनी आणि दासी यांच्या प्रेमाच्या कथा लिहूच नयेत. लिहाव्यात, जास्त लिहाव्यात. काही विद्वान मंडळी म्हणतात की जिथं एक बाजू विकत घेतलेली आहे तिथं प्रेम हा शब्दच वापरू नये, सगळी जबरदस्तीच. तेही मला पटत नाही. असं म्हटलं की त्या बाईचं मनही आपण काढून घेतो. तिचं शरीर धन्याने नेलं, मन आपण नेलं. तिला राग होता, लोभ होता, मत्सर होता. धन्याच्या मुलावर तिचं प्रेम बसलंही असेल. पण मुभा नसताना बसलेल्या प्रेमाला एक शंका आयुष्यभर चिकटते: हे माझं आहे, की माझ्यापुढं दुसरा रस्ताच नव्हता म्हणून आहे? धन्यालाही तीच शंका चिकटायला हवी, त्याच्यात माणुसकी शिल्लक असेल तर. ती शंका ज्या कथेत नाही, ती कथा त्या बाईवर पुन्हा एकदा मालकी सांगते.

आपल्या तरुण लेखकांना मी एकच सुचवतो. कादंबरी लिहिण्याआधी खानापूर-हल्याळच्या रानात जावं आणि एखाद्या सिद्दी बाईला कवंद, म्हणजे त्यांची गोधडी, शिवताना पाहावं. जुनी लुगडी, पोरांचे शर्ट, फाटकी परकरं यांचे तुकडे ती कडेपासून आत आत, फेऱ्याफेऱ्याने शिवत जाते. ओळींनी शिवलेली आपली वाकळ वेगळी. शेवटी चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावते. फुलं नसलेलं कवंद त्यांच्या लेखी उघडं असतं. मी ते जवळून पाहिलं, तेव्हा मनात आलं, या हातांच्या पणज्या-खापरपणज्यांवर मराठीत आपण एक ओळ लिहिली नाही. लिहिली ती वाड्याच्या दारातल्या हबशी पहारेकऱ्यावर, आणि तोही कथेत एकदा भाला रोवून गप्प उभा राहतो.

त्यांना बोलतं करायचं काम फक्त आपलंच आहे, असं मी मानत नाही. खानापूर तालुक्यातली सिद्दी पोरं शाळेत जातात, त्यांच्यातली काही मराठी शाळेत. त्यांच्यातलं कुणी उद्या लिहील. सीमाभागातल्या एखाद्या संमेलनाने कथाकथनाचं एक सत्र त्यांच्यासाठी राखून ठेवावं. कानडी-मराठी असा भेद न करता त्यांच्या घरच्या बोलीतच त्यांनी सांगावं, आम्हाला ती कळते. त्यांच्या आजीने सांगितलेल्या गोष्टींत आमचे देसाई, पाटील, सावकार येणार, आणि आम्ही लिहितो तसे ते त्यात असणार नाहीत. मांडवात पुढच्या रांगेत बसणाऱ्यांनी त्या वेळी उठून जाऊ नये, एवढी व्यवस्था आयोजकांनी आधीच करून ठेवावी.